नाणं कुणाला आलं

१

त्सोंकाआजी बाल्कनीतल्या खुर्चीत बसलेली सापडली. मांडीवर बर्फ साचला होता आणि डोळे उघडे होते, खाली अंगणाकडे लागलेले.

रविवारी सकाळी सेवदा आजीचं दूध घेऊन आली. आजीला आंघोळ घालणं, औषधं देणं ही तिची कामं, म्हणून किल्ली तिच्याकडे असायची. त्या दिवशी किल्ली फिरली, पण दार उघडेना, कारण आतून साखळी लावलेली होती. ती धावत खालच्या मजल्यावर मेतोदीकडे आली. मेतोदीने आजीच्या पुतण्याला, प्लामेनला फोन केला. तो टॅक्सीच्या डिकीतली लोखंड कापायची कात्री घेऊन आला आणि त्याने साखळी तोडली.

मेतोदी गेर्जिकोव्हने तीस वर्षं पोलीस तपासाचं काम केलं होतं. निवृत्त झाल्यावर प्रेतं बघायची वेळ येणार नाही असं त्याला वाटलं होतं. मग बायको गेली. आणि आता ही.

त्याने कशाला हात लावला नाही, नुसतं पाहिलं. कपाटाचे खण उघडे होते. आजीने स्वतःच्या अंत्यविधीसाठी साठवलेल्या पैशांचा पत्र्याचा डबा पलंगावर रिकामा पडला होता. लग्नातल्या सोन्याच्या मोहरांची माळ नव्हती. बाल्कनीच्या कठड्यावरून दोरी खाली लोंबत होती आणि तिच्या टोकाची वेताची टोपली खाली बर्फात आडवी झाली होती. इमारतीची लिफ्ट कधीच बंद पडली होती. वरच्या मजल्यांवरच्या सगळ्या म्हाताऱ्या अशाच टोपलीतून पाव वर ओढून घेत आणि किल्ल्या खाली सोडत.

आजीच्या अंगात घरातला पातळ स्वेटर होता, पायात लोकरी सपाता. एवढ्या थंडीत एवढंच. काहीतरी कमी आहे असं मेतोदीला जाणवलं, पण काय ते सुचेना.

डॉक्टर म्हणाला, हृदय थांबलं, पण लगेच नाही. बाई बराच वेळ तिथे बसून असावी. उठून आत का गेली नाही, ते देव जाणे.

२

इन्स्पेक्टर कोलारोव्ह एके काळी मेतोदीच्या हाताखाली होता. अजूनही तो त्याला साहेबच म्हणायचा, फक्त आता त्या शब्दात थोडी दया असायची. त्याच्या मते प्रकरण सरळ होतं. फोनवरचे भामटे. या हिवाळ्यातलं जिल्ह्यातलं कितवं तरी प्रकरण. तुमचा मुलगा गाडीने कुणाला तरी उडवून कोठडीत बसलाय, पैसे द्या म्हणजे सुटेल, आमचा माणूस खाली उभा आहे.

हे मेतोदीला कुणी सांगायची गरज नव्हती. दोन वर्षांपूर्वी असाच फोन त्याच्या बायकोला, नेवेनाला आला होता. व्हिएन्नातल्या मुलीला अटक झालीय म्हणून. नेवेनाने होतं नव्हतं ते खिडकीतून टाकलं. मुलगी तेव्हा कामावर निवांत कॉफी पीत होती. नेवेनाला मेतोदी एका शब्दाने बोलला नाही, पण तिचा स्वतःवरचा विश्वास उडाला. ती जेवेनाशी झाली. फोन वाजला की दुसऱ्या खोलीत जायची. वसंतात ती गेली. तिचा काळ्या चौकटीतला फोटो इमारतीच्या दारावर चिकटवलेला होता. तो आता पिवळा पडला होता, पण काढायला कुणी हात लावला नव्हता.

त्यानंतर मेतोदीने त्या जिन्यावर राहणाऱ्या सगळ्या बायकांना एक गोष्ट पढवून ठेवली. घरच्या माणसाच्या नावाने असा फोन आला, तर घरातल्यांनाच माहीत असेल असा प्रश्न विचारा. सोपा प्रश्न त्यानेच सुचवला. नाताळच्या आदल्या रात्री प्रत्येक घरी आत नाणं घालून पितका, म्हणजे गोल पाव भाजतात. पितकेचा पहिला तुकडा देवमातेचा, दुसरा घराचा, मग थोरापासून धाकट्यापर्यंत, दूर असलेल्यांचासुद्धा. ज्याच्या तुकड्यात नाणं, त्याचं वर्ष चांगलं. तेव्हा विचारायचं, यंदा नाणं कुणाला आलं? चोराला ते कुठून ठाऊक असणार? आणि मग फोन ठेवून खाली माझ्याकडे यायचं.

त्सोंकाच्या शेजारच्या गिन्काकाकूंनी मात्र वेगळंच सांगितलं.

शनिवारी दुपारी त्या त्सोंकाच्याच स्वयंपाकघरात कॉफी पीत होत्या. फोन वाजला. त्सोंका पांढरीफटक पडली. कुणी वकील बोलत होता, तिचा मुलगा ल्यूबेन स्पेनहून येताच अपघात करून कोठडीत अडकलाय, माझ्या शेजारीच बसलाय म्हणत होता.

"आणि तिने विचारलं, मेतोदीभाऊ," गिन्काकाकू म्हणाल्या. "तुम्ही शिकवलंत तस्संच. म्हणाली, शेजारी आहे ना, मग त्याला विचारा यंदा नाणं कुणाला आलं. जरा वेळ गेला. मग ती म्हणाली, ‘ल्यूबेनला. हो. माझ्या ल्यूबेनलाच.’ आणि मटकन खालीच बसली."

"मग?"

"मग तुमच्याकडे आली की. मीच धरून आणली. तुमची घंटा वाजवली, तुम्ही नव्हता."

शनिवारी दुपारी मेतोदी कबरस्तानात असायचा. नेवेनाच्या कबरीवर वाइन ओतायची, मेणबत्ती लावायची, थोडं बोलायचं. सगळ्या जिन्याला हे ठाऊक होतं.

वर परत आल्यावर त्सोंकाने गिन्काकाकूंना घरी पाठवलं. हे घरातलं आहे, कुणाला सांगू नकोस म्हणाली. आणि दाराला साखळी लावली.

"म्हणजे नाणं कुणाला आलं ते त्यांना ठाऊक होतं, साहेब," कोलारोव्ह म्हणाला. "मग ते त्या रात्री टेबलाशी बसलेल्यांपैकीच कुणीतरी सांगितलं. टेबलाशी तिघं होती. म्हातारी, पुतण्या आणि ती कामवाली. पुतण्या टॅक्सी घेऊन सोफियाच्या विमानतळावर गेला होता, त्याचं गिऱ्हाईकच साक्षीदार आहे. राहिली कोण?"

३

सेवदाला त्यांनी दोनदा ठाण्यावर नेलं आणि दोनदा सोडलं. तिसऱ्यांदा सोडणार नाहीत, हे तिलाही कळलं होतं. तिला नवरा नव्हता. सात वर्षांची मुलगी होती. आई आत गेली तर मुलीला सरकारी बालगृहात ठेवणार, असं एका बाईने तिला अगदी गोड आवाजात समजावलं होतं.

जिन्यात लोक तिला वाट देईनासे झाले. गिन्काकाकूंनी तर तोंडावर विचारलं, किती मिळाले गं.

मेतोदीने तिला घरात बोलावून लिंडनच्या फुलांचा चहा दिला. ती कपाला हात न लावता बसून राहिली. आजीची माळ कुठे असते हे तिला ठाऊक होतं, पैशांचा डबाही ठाऊक होता. ते तिने लपवलं नाही. आजीनेच दाखवून ठेवलं होतं, मी गेले की यातून पेटी आण आणि पाद्र्याला दे म्हणून. फोनवाल्यांना आपण काही सांगितलं नाही, एवढं एकच ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

"काका, मला चोरायचंच असतं, तर फोन कशाला हवा होता? किल्ली होती माझ्याकडे."

हे मेतोदीला पटत होतं. कोर्टाला पटलं नसतं.

"नाताळच्या रात्रीचं सांग," तो म्हणाला. "सगळं, जसं झालं तसं."

टेबलावर बिनमांसाचं जेवण होतं, राजमा, भरलेल्या मिरच्या, अक्रोड. आजीने पितका डोक्यावर धरून मोडली. प्लामेन सगळा वेळ टॅक्सीच्या टायरचं रडगाणं गात होता. नाणं निघालं तेव्हा तो म्हणाला, भिंतींना कशाला हवंय नशीब, मला द्या की.

मेतोदीचा हात कपावरच थांबला.

"भिंतींना?"

"घराच्या तुकड्यात आलं ना ते," सेवदा म्हणाली. "नाणं घराला आलं, काका. ल्यूबेनला नाही. त्याचा तुकडा मीच रुमालात बांधून ठेवला, काही नव्हतं त्यात."

४

प्लामेनला मेतोदीने टॅक्सीच्या नाक्यावर गाठलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं. प्लामेनने तेच सांगितलं. घराला आलं. घराचं नशीब बघा की काका, मालकीण गेली, दाराची साखळी मी तोडली. टायर अजून तसाच आहे.

म्हणजे फोनवरच्या माणसाने चुकीचं उत्तर दिलं होतं. आणि त्सोंकाने ते बरोबर म्हणून मान्य केलं होतं.

त्सोंका विसरभोळी नव्हती. जिन्यातल्या प्रत्येकाचा वाढदिवस तिला पाठ होता. मग चुकीचं उत्तर तिला बरोबर का वाटलं?

मेतोदी आजीच्या घरात गेला. कोलारोव्हने किल्ली दिली होती, जुन्या ओळखीखातर. स्वयंपाकघरातल्या फळीवर ल्युतेनित्साच्या बरण्या ओळीने उभ्या होत्या, आजीने शरदात भाजलेल्या मिरच्यांचा ठेचा. दुसऱ्या बरणीच्या जागी धुळीत गोल ठसा होता. पावाची टोपली रिकामी होती, पण सुरीवर पावाचा चुरा होता.

काचेची बरणी तिसऱ्या मजल्यावरून कुणी फेकत नाही. म्हणून दोरी. म्हणून टोपली. तिने ऐवज टाकला नाही, सावकाश खाली सोडला, कारण सोबत जेवण होतं. कोठडीत बसलेल्या मुलासाठी डबा. म्हणजे तिला मनापासून खात्री होती की वकिलाच्या शेजारी ल्यूबेनच आहे.

दारामागच्या खुंटीकडे त्याची नजर गेली आणि तेव्हा त्याला कळलं पहिल्या दिवसापासून काय कमी होतं. करड्या लोकरीची शाल. सप्टेंबरपासून मेपर्यंत ती आजीच्या खांद्यावर नाहीतर या खुंटीवर असायची, तिसरी जागाच नव्हती. त्याने पलंगाखाली पाहिलं, कपाटात पाहिलं, धुण्याच्या टोपलीत पाहिलं. शाल घरात नव्हती. दाराला आतून साखळी होती. म्हणजे शालसुद्धा बाल्कनीतूनच गेली होती.

भामटे पैसे मागतात, सोनं मागतात. म्हातारीची विटकी शाल कुणी मागत नाही.

तो खुर्चीत बसला. समोर भिंतीवर ल्यूबेनचा फोटो होता, सैन्यातला, कान बाहेर आलेले. घरात एवढी शांतता होती की नेवेना आता आतून हाक मारेल असं त्याला वाटलं. नाताळच्या रात्री सगळं आवरल्यावर ती व्हिएन्नाला फोन लावायची, दार लोटून घ्यायची आणि दरवर्षी एकच थाप मारायची. नाणं तुलाच आलं गं बाळा. मेतोदी हसायचा. ती म्हणायची, हसतोस काय, एवढ्या लांब आहे ती, तिला दुसरं काय पाठवू?

मेतोदी उठला. नाणं ल्यूबेनला आलं असं या जगात एकालाच वाटत असणार होतं.

५

ल्यूबेन स्पेनहून अंत्यविधीला आला होता. बांधकामावर असतो असं आजी सांगायची. उंच, वाकलेला, हाताची नखं स्वच्छ असलेला माणूस. दफन झाल्यावर आजीच्याच खोलीत जेवण होतं. उकडलेला साखरेचा गहू, राजमा आणि राकिया, घरची फळांची दारू. प्रत्येकाने पहिला घोट आजीसाठी जमिनीवर सांडला. गिन्काकाकू रडत होत्या आणि रडता रडता सेवदाचं नाव घेत होत्या. सेवदा आली नव्हती. तिला उद्या सकाळी तिसऱ्यांदा बोलावलं होतं.

कोलारोव्ह दाराशी उभा होता. मेतोदीने त्याला एवढंच सांगितलं होतं, की ये आणि ऐक.

बोलणं आजीच्या हाताच्या चवीवर आलं, मग तिच्या पितकेवर. कुणीतरी म्हणालं, तशी पितका आता या जिन्यात होणार नाही. मेतोदीने ल्यूबेनच्या ग्लासात राकिया ओतली.

"शेवटची पितका ती," तो म्हणाला. "यंदा नाणं कुणाला आलं होतं रे, ल्यूबेन?"

"मला," ल्यूबेन म्हणाला. डोळे पुसत म्हणाला. "जन्मात पहिल्यांदा. आईने त्याच रात्री फोनवर सांगितलं."

"तुला?" प्लामेनने चमचा खाली ठेवला. "घराला आलं होतं ते. मी इथेच बसलो होतो, या खुर्चीत."

गिन्काकाकूंचं रडणं थांबलं. त्या आधी प्लामेनकडे बघत राहिल्या, मग ल्यूबेनकडे. त्सोंकाने फोनवर पुन्हा उच्चारलेलं उत्तर त्यांनीच तर ऐकलं होतं.

ल्यूबेनला अजून काही कळलं नव्हतं. आई आपल्याशी खोटं बोलली, एवढंच त्याला कळलं होतं, आणि त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला.

६

मेतोदी त्याला बाल्कनीत घेऊन गेला आणि दार लोटलं. कोलारोव्ह काचेपलीकडे थांबला.

मेतोदीने आवाज चढवला नाही. नाण्याचं सांगितलं. खरं उत्तर टेबलाशी बसलेल्यांना ठाऊक होतं आणि खोटं उत्तर फक्त ल्यूबेनला. वकिलाने सांगितलं ते खोटं उत्तर. म्हणजे ते ल्यूबेनकडून आलं. शनिवारची दुपार कुणी निवडली तेही आता उघड होतं. आई दर आठवड्याला फोनवर जिन्यातलं सगळं सांगायची, मेतोदी कबरस्तानात कधी जातो तेसुद्धा.

ल्यूबेनने आधी नाकारलं. स्पेनमध्ये होतो म्हणाला. मित्रांशी बोलताना नाण्याचं कधी बोललो असेन, कुणीतरी त्याचा फायदा घेतला असेल.

"असेल," मेतोदी म्हणाला. "मग मला शालीचं सांग."

ल्यूबेनने कठडा धरला.

"ती घरात नाही. ती इथून खाली गेली. वकिलाच्या माणसासाठी कुणी अंगावरची शाल काढून टाकत नाही, ल्यूबेन. खाली तू स्वतः उभा होतास."

खाली अंगणात मुलांनी बर्फ तुडवून काळा केला होता. ल्यूबेन तिकडे बघत राहिला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बांधकाम वर्षापूर्वीच सुटलं होतं. तो सोफियातल्या एका खोलीत त्या लोकांबरोबर बसायचा. आधी नुसती नावं आणि नंबर शोधून द्यायचा, मग बोलायलाही लागला. त्यांनी लुटायला त्याच्या गावातलं एखादं घर मागितलं. दुसऱ्या कुणाचं देण्यापेक्षा आपलंच दिलं, असं तो म्हणाला, जणू त्यात काही चांगुलपणा होता. कुणी आईला हात लावू नये म्हणून ऐवज घ्यायला स्वतः आला. वकील झालेला माणूस गाडीत होता. प्रश्न आला तेव्हा त्याने फोनवर हात ठेवून ल्यूबेनला विचारलं. नंतर सगळं परत करणार होतो, असंही तो म्हणाला. ते मेतोदीने तीस वर्षांत फार जणांकडून ऐकलं होतं.

"धुकं होतं," ल्यूबेन म्हणाला. "मी जाकिटाची टोपी तोंडावर ओढून घेतली होती. तिला दिसणार नाही असं वाटलं. टोपली आली. मी ऐवज काढला, पाव काढला, बरणी काढली. वर बघितलं नाही."

"मग?"

"निघालो. दोन पावलं गेलो असेन. मागे काहीतरी पडलं. बघतो तर शाल." तो थांबला. "माझं जाकीट पातळ होतं, काका."

मेतोदीला खाली अंगणाकडे लागलेले तिचे डोळे आठवले. मुलगा कोठडीत आहे म्हणून तिने सगळं सोडलं होतं, आणि खाली मुलगाच उभा होता, मोकळा, तिच्या अंत्यविधीचे पैसे खिशात घालत असलेला. लहानपणापासूनची त्याची पाठ ती धुक्यातसुद्धा ओळखणारच. ओरडली नाही. कुणाला बोलावलं नाही. त्याला थंडी वाजत असेल एवढंच तिने पाहिलं आणि मग खुर्चीत बसून राहिली.

"काही बोलली?"

"नाही."

"शाल कुठाय?"

"बॅगेत," ल्यूबेन म्हणाला. "टाकवेना."

दोन वर्षं बाळगलेला प्रश्न मेतोदीच्या ओठांवर आला. त्याने फक्त नेवेनाचं नाव घेतलं. ल्यूबेन घाईघाईने म्हणाला, ते मी नाही, तेव्हा मी त्यांच्यात नव्हतोच. खरं असेल. मेतोदीने त्याच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं आणि त्याला काही ठरवता आलं नाही. आता कधी ठरवता येणारही नव्हतं.

त्याने काचेवर बोटाने टकटक केलं. कोलारोव्ह बाल्कनीत आला.

७

दुसऱ्या दिवशी सेवदाला कुणी बोलावलं नाही. ती मुलीला शाळेत सोडून आली आणि सवयीने दुधाची पिशवी घेऊन तिसऱ्या मजल्यापर्यंत चढली. बंद दाराशी तिला आठवलं. गिन्काकाकूंनी आपलं दार उघडलं, तिच्या हातातून दूध घेतलं आणि तिला आत घेतलं. माफी मागायचं त्यांना जमलं नसावं. कॉफी मात्र केली.

इमारतीच्या दारावर नेवेनाच्या शेजारी त्सोंकाचा काळ्या चौकटीतला कागद लागला. खाली रिवाजाप्रमाणे लिहिलं होतं, शोकाकुल मुलगा. छापायला आधीच दिलं होतं. प्लामेनने ते खोडू का म्हणून विचारलं. मेतोदी म्हणाला, राहू दे, शोकाकुल तर तो आहेच.

संध्याकाळी बायका त्याच्याकडे आल्या. चौघी-पाच जणी, कोट घालून, दारातच उभ्या. त्यांना नवा प्रश्न हवा होता. नाण्याचा आता चालणार नाही, सगळ्या गावाला कळलाय. कुणी म्हणाली लग्नाची तारीख, कुणी म्हणाली कुत्र्याचं नाव. मेतोदी ऐकत होता. असा प्रश्न कुठला, ज्याचं उत्तर आपल्याच माणसाला येऊ नये?

"कुठलाही विचारा," तो शेवटी म्हणाला. "विचारा, फोन ठेवा आणि खाली माझ्याकडे या. मी शनिवारीसुद्धा घरी असेन."

"आणि उत्तर बरोबर आलं तर?" गिन्काकाकूंनी विचारलं.

मेतोदीने दार आणखी थोडं उघडलं, म्हणजे त्यांना आत येऊन बसता आलं असतं.

"बरोबर आलं तर लवकर या," तो म्हणाला.